अमेरिकेत हॉटेलात टीप द्यावीच लागते असं का? मालक पूर्ण पगार का देत नाही? आणि नाहीच दिली तर?

तुम्ही लिहिलंय की डॅलसला मुलीकडे गेला होतात, 80 डॉलरच्या बिलावर जावयांनी 16 डॉलर टीप ठेवली आणि तुमच्या घशाखाली घास उतरेना. आमचे बाबा शिकागोला आले तेव्हा पहिल्याच जेवणाला हाच वाद झाला. "वाढण्याचे पैसे बिलात नाहीत का?" बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे त्यांना रेल्वेच्या भाषेत समजवावं लागलं. गंमत म्हणजे हा इतिहास रेल्वेच्या डब्यातूनच जातो.

आधी आजचा हिशेब. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलर आहे. पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून 2.13 डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा 1991 पासून तसूभरही हललेला नाही. उरलेले 5.12 गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघतील असं कायदा धरून चालतो. नाही निघाले तर फरक मालकाने द्यायचा. टेक्सासमध्ये हाच दर आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत मात्र ही सवलत नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

आता डबा. टीप देण्याची फॅशन युरोप फिरून आलेल्या श्रीमंतांनी आणली. पण पगाराऐवजी टीप हा प्रकार रुजला तो 1865 मध्ये गुलामगिरी संपल्यावर. नुकत्याच मोकळ्या झालेल्या कृष्णवर्णीयांना रेस्टॉरंटवाल्यांनी आणि जॉर्ज पुलमनच्या स्लीपर डब्यांच्या कंपनीने कामावर घेतलं, ते नाममात्र पगारावर. पुलमनचा पोर्टर म्हणजे काय, तर रात्री सीटचे बर्थ करायचे, चादरी घालायच्या, प्रवाशांचे बूट पॉलिश करून पहाटेच्या आत जागेवर ठेवायचे, मधे घंटा वाजली की धावायचं. झोप जेमतेम तीन-चार तास. महिन्याला 400 तास किंवा 11,000 मैल भरल्याशिवाय पूर्ण पगार नाही. पॉलिशही स्वतःच्या पैशाने आणायचं. (इथे बाबा पहिल्यांदा थांबले. "पॉलिशची डबीसुद्धा?") आणि प्रवासी हाक मारायचे ती "जॉर्ज". गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी रीत, तीच मालक बदलून पुढे चालू.

1915 मध्ये सरकारी आयोगापुढे कंपनीच्या अध्यक्षांची साक्ष झाली. पोर्टरला महिना 27.50 डॉलर मिळतात आणि बाकीचं टिपेवर भागतं, हे त्यांनी कबूल केलं. या अध्यक्षांचं नाव रॉबर्ट लिंकन. होय, गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचे चिरंजीव. असा योगायोग कादंबरीत कुणी घातला असता तर आपण नाक मुरडलं असतं.

युनियन नव्हती का? 1894 चा पुलमनचा गाजलेला संप तुम्ही ऐकला असेल. पण तो लढवणाऱ्या युजीन डेब्झच्या रेल्वे युनियनमध्ये कृष्णवर्णीयांना सभासदत्वच नव्हतं. खुद्द डेब्झला ते मान्य नव्हतं, पण मतदानात तो हरला. मग 25 ऑगस्ट 1925 ला पोर्टरांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये स्वतःची युनियन काढली. पुढारी नेमला ए. फिलिप रँडॉल्फ. हा मासिकाचा संपादक, पोर्टर नव्हेच, त्यामुळे कंपनी त्याला कामावरून काढू शकत नव्हती! मागणी सरळ होती: टीप नको, जगण्यापुरता पगार द्या. बरोबर बारा वर्षांनी, 25 ऑगस्ट 1937 ला, कंपनीने करारावर सही केली. पगार वाढला, तास 400 वरून 240 वर आले.

मग हॉटेलवाल्यांचं काय झालं? 1938 चा किमान वेतनाचा कायदा आला, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेत कृष्णवर्णीय बहुतेक याच कामांत होते आणि दक्षिणेच्या खासदारांच्या मतांशिवाय कायदा होणं अवघड होतं. रेस्टॉरंटमधले बहुतेक नोकरही बाहेरच राहिले. त्यांना 1966 मध्ये आत घेतलं, पण निम्म्यापर्यंत वेतन टिपेतून वळतं करायची मुभा मालकांना देऊनच. 1996 मध्ये किमान वेतन वाढलं तेव्हा रेस्टॉरंट मालकांच्या संघटनेने जोर लावला आणि टीपवाल्यांचा 2.13 तिथेच गोठला. त्यामुळे सगळं खापर पुलमनवर फोडू नका. माझ्या मते 1996 चा सौदा जास्त निर्लज्ज होता, तेव्हा काय होतंय ते सगळ्यांना दिसत होतं.

आपल्याकडेही राजधानी एक्स्प्रेसमधून उतरायच्या आधी बडीशेपेची ताटली पुढे येते, ती कशासाठी ते बाबांना सांगावं लागलं नाही.

आता शेवटचा प्रश्न, नाहीच दिली तर? कायद्याने काही होत नाही, पोलीस येत नाहीत. पण बऱ्याच ठिकाणी वाढणाऱ्याला टेबलं पुसणारा आणि बारवाला यांना वाटा द्यावा लागतो, आणि कित्येकदा तो वाटा मिळालेल्या टिपेवर नाही, विक्रीच्या रकमेवर धरतात. तसं असेल तर तुमच्या 80 डॉलरच्या टेबलावर शून्य टीप आली तरी वाढणाऱ्याला त्या रात्री इतरांचे दोन-तीन डॉलर स्वतःच्या कमाईतून काढून द्यावे लागतात. जावयांनी 20 टक्के ठेवले ते तिथल्या रिवाजाप्रमाणे बरोबरच होते.