सातवा महिना चालू आहे. बाळाच्या नाळेतलं रक्त खासगी बँकेत साठवावं का?

ताई, घरात थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असलेलं मोठं मूल नसेल, तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. माझ्या बहिणीच्या वेळी सोनोग्राफीच्या रांगेतच एक प्रतिनिधी फाईल उघडून बसला होता. ‘बाळाचा जैविक विमा’ म्हणाला, हप्तेही सांगितले. ती घाबरून सही करणारच होती.

त्याने एक गोष्ट सांगितली नाही. बाळाला थॅलेसेमिया झाला तर त्याचं स्वतःचं साठवलेलं रक्त त्यावर चालत नाही, कारण तोच जनुकीय दोष त्या रक्तातल्या मूळपेशींतही (नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी) असतो. उपयोग होतो तो भावंडाला, तोही दोघांच्या पेशींचा प्रकार जुळला तर. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण २५ टक्के. नाळेतल्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसमध्ये झालं, तेही नवजात बहिणीच्याच रक्ताने. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही खासगी साठवणुकीची शिफारस करत नाहीत. अपवाद अशा आजारी भावंडाचाच.

कम्युनिटी बँकिंगमध्ये, म्हणजे अनेक पालकांच्या सामायिक साठ्यात, इतरांनी साठवलेल्या पेशीही मिळू शकतात, पण अटी नीट वाचा.

आणि डॉक्टरांना आजच विचारून ठेवा, नाळ किमान एक मिनिट थांबून कापणार ना? ते रक्त बाळाच्या अंगात गेलं की पुढचे काही महिने लोह पुरतं. त्याला पैसे पडत नाहीत.