जंत असले की मूल राहत नाही, हे खरं का? उलट जंतांमुळे जास्त मुलं होतात असंही वाचलं

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नाला तीन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत, हिमोग्लोबिन 8.4 आहे आणि शौचाच्या तपासणीत अंकुशकृमी (हूकवर्म) या जंताची अंडी निघाली. सासूबाई म्हणतात, जंतांनीच गर्भ धरू दिला नाही. मैत्रिणीने मात्र मोबाईलवर बातमी दाखवली की जंत असलेल्या बायकांना जास्त मुलं झाली. तर जंताची गोळी घ्यायची की नाही, हा तुमचा प्रश्न.

घ्यायची. फक्त या महिन्यात दिवस राहिले नाहीत ना, याची आधी खात्री करून घ्या. त्याबद्दल पुढे लिहिते.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं तंत्रज्ञ आहे आणि रोज सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसते. जंतांविषयी जे काही छापून येतं ते मी आवर्जून वाचते, कारण त्या काचेच्या मागे कोण बाई आहे हे मला माहीत असतं.

मैत्रिणीने दाखवलेली बातमी खोटी नाही, अर्धी आहे. ते संशोधन 2015 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं होतं. बोलिव्हियाच्या जंगलपट्ट्यात त्सिमाने नावाचे आदिवासी राहतात. तिथल्या 986 बायकांची नऊ वर्षांची माहिती संशोधकांनी तपासली. या बायकांना सरासरी नऊ मुलं होतात आणि जंत बहुतेकांच्या पोटात असतात. गोल जंत, म्हणजे गांडुळासारखे लांब जंत, ज्यांच्या पोटात होते त्यांना पहिलं मूल लवकर झालं आणि दोन मुलांमधलं अंतरही कमी राहिलं. अंकुशकृमी ज्यांना होते त्यांचं नेमकं उलट: पहिलं मूल उशिरा, पुढचंही उशिरा. आयुष्यभराचा हिशेब मांडला तर गोल जंतवालीला दोन मुलं जास्त आणि अंकुशकृमीवालीला तीन कमी, असा त्यांचा अंदाज निघाला.

तुमच्या रिपोर्टवर अंकुशकृमी लिहिलंय. म्हणजे ती बातमी तुमच्या बाजूची नाहीच.

असं का होत असावं? गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परका. तो टिकायचा तर आईच्या प्रतिकारशक्तीला जरा नमतं घ्यावं लागतं. गोल जंतही स्वतःच्या बचावासाठी प्रतिकारशक्तीला तसंच नमवतात, त्यातून गर्भाला वाट सोपी होत असेल, असा संशोधकांचा कयास आहे. अंकुशकृमीला शरीर वेगळ्या तऱ्हेने उत्तर देतं. हा कयासच आहे. जंत आणि मुलांची संख्या यांचा मेळ दिसला, म्हणजे एकामुळे दुसरं झालं हे सिद्ध झालं असं नाही. म्हणून सासूबाईंचं म्हणणंही मी जसंच्या तसं मान्य करणार नाही.

मला तुमच्या बाबतीत खरी काळजी वाटते ती 8.4 या आकड्याची. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याच्या मुख्य दोन जाती माणसात सापडतात. लहान जातीचा एक जंत दिवसाला साधारण 0.03 मिलिलिटर रक्त घालवतो, मोठ्या जातीचा त्याच्या पाचपट किंवा जास्त. लहान जातीचे पन्नास जंत धरले तरी दिवसाला दीड मिलिलिटर, महिन्याला पंचेचाळीस. साधारण पाळीत जातं तेवढंच हे रक्त. म्हणजे महिन्याला एक पाळी दिसते आणि दुसरी न दिसता आत चालू असते. लोहाच्या गोळ्या घेऊनही एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, का वाढत नाही, याचं उत्तर कितीतरी वेळा इथे असतं. मोहोळकडची एक बाई चार महिने लोहाच्या गोळ्या खात होती. ज्या दवाखान्यात जायची तिथे शौचाची तपासणी कुणी सांगितलीच नव्हती. आमच्याकडे आली तेव्हा स्लाइडवर अंडी शोधावी लागली नाहीत, नजर टाकली तिथे दिसत होती.

हे अंडं कसं दिसतं ते सांगते. लंबगोल, कवच इतकं पातळ की पेन्सिलीने एक रेघ ओढावी तसं. आत चार ते आठ पेशींचा पुंजका, आणि पुंजका व कवच यांच्यामध्ये स्वच्छ मोकळी जागा. गोल जंताचं अंडं याच्यापुढे तपकिरी आणि खडबडीत दिसतं. सकाळचा नमुना दुपारी आणला की आपल्या एप्रिलच्या उन्हात पेशी वाढत जातात, आणि फारच उशीर झाला तर आत वळवळणारी अळी दिसते. तीच अळी ओल्या मातीत बाहेर पडते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. तिथून रक्तावाटे फुप्फुसात, घशात, आणि गिळली की आतड्यात. सोलापूर कोरडं असलं तरी उजनीच्या कालव्याखालचा ऊस कोरडा नसतो. त्या मोहोळच्या बाईला मी चपलेचं म्हटलं तर ती म्हणाली, “चिखलात चप्पल घालून खुरपता येतंय व्हय, ताई?” तिचं काही चुकलं नव्हतं. घट्ट बसणारा प्लास्टिकचा बूट मिळाला तर बघा, एवढंच मी सांगू शकले.

आता गोळीचं. अल्बेंडॅझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायची असते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती टाळतात, म्हणून मूल हवं असताना पाळी आल्यावर लगेच, डॉक्टरांना विचारून घ्या. एका गोळीने सगळे जंत जातीलच असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. घरातल्या सगळ्यांनाही डॉक्टरांना विचारून गोळी द्या, नाहीतर अंगणातली माती पुन्हा तीच. उद्या दिवस राहिले तर चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात हीच गोळी देतात. रक्त कमी असताना बाळंतपण आलं तर बाळ कमी वजनाचं आणि वेळेआधी होण्याची भीती असते आणि आईला थोडाही रक्तस्राव सोसत नाही. म्हणून एचबी आधी 11 च्या वर न्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर चालेल.

आफ्रिकेत गोगलगायीच्या पाण्यातून येणारा एक कृमी गर्भाशयाच्या तोंडाला इजा करतो, तेही तुम्ही विचारलंय. तो शिस्टोसोमा. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात 1950 च्या दशकात तो आढळला होता. सोलापुरात त्याची चिंता नको.

आणि सासूबाईंना एक सांगा. जंत गेले, रक्त वाढलं, तरी सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर दोष पुन्हा सुनेच्याच पोटात शोधू नका. थायरॉइड, गर्भनलिका, गर्भाशयाचा क्षयरोग यांच्या तपासण्या स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील. तुमच्या मिस्टरांची वीर्यतपासणी मात्र त्याआधी, याच आठवड्यात होऊ शकते. आमच्याकडे बाई चार-चार वर्षं तपासण्या करत राहते आणि नवरा एकदाही येत नाही, हे मी फार पाहिलंय. तीन वर्षं झाली आहेत, दोघंही एकाच दिवशी जा.