अडीच हजारवाला रेग्युलेटर का पंधरा हजारवाला? आधी रिटर्न लाईन बघ

भाऊ, तुझा प्रश्न मी समजलो तो असा. 2002 ची सिटी व्हीटेक, लातूरला छोटा टर्बो बसवून घेतलास, 0.6 बार बूस्ट (टर्बोनं दाबलेली जास्तीची हवा), 440 सीसीचे इंजेक्टर, टाकीत 255 लिटरवाला पंप, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, पाहिजे तसा ट्यून होणारा इंजिनचा कॉम्प्युटर), टार्गेट 180 हॉर्सपॉवरच्या आसपास. आता अॅडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर (इंजेक्टरकडं जाणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व) घ्यायचाय, ऑनलाईन एक अडीच हजाराला मिळायलाय, गेजसकट, दुसरा पंधरा हजाराला बिनगेजचा, आणि तुझा मित्र म्हणायलाय की "प्रेशर चार बारवर नेऊन ठेव, गाडी उडंल".

पहिलं त्या मित्राचं बोलणं डोक्यातून काढ. रेग्युलेटर पॉवर देत नाही. आमच्याकडं जालन्यात मोसंबीला ठिबक आहे, त्यावरून सांगतो म्हणजे लगेच कळंल. साध्या ड्रिपरमधून पाणी दुप्पट पाहिजे तर प्रेशर दुप्पट करून भागत नाही, चौपट करावं लागतं. इंजेक्टरचं पण तेच, तीनचं चार बार केलं तर पेट्रोल वाढतं फक्त 15 टक्के, आणि तेवढ्यासाठी पंपावर लोड वाढतो, वरच्या प्रेशरला त्याची धार कमी होते ती वेगळीच. बरं कंपनीचा ईसीयू असेल तर एका चालीत चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून तो ते जास्तीचं पेट्रोल परत कापून टाकतो, आणि फुल अॅक्सिलरेटरला मात्र कापत नाही, म्हणजे तिथं नुसती रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त). काळा धूर आणि अॅव्हरेज गेलं. तुझ्याकडं 440 चे इंजेक्टर आहेत, 180 ला ते तीन बारवरच आरामात पुरतात. प्रेशर वाढवायचं कारणच नाही.

मग रेग्युलेटर बदलायचा कशाला? तर इथं खरी गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. ठिबकच्या फिल्टरपाशी बायपास व्हॉल्व असतो ना, मोटर पाणी फेकतेय जास्त, लॅटरलला लागतंय कमी, उरलेलं परत विहिरीत. रिटर्नवाल्या गाडीतला रेग्युलेटर म्हणजे तोच बायपास. तुझा पंप तासाला 255 लिटरचा. 180 हॉर्सपॉवरला सुद्धा गाडी पिणार साधारण 65-70 लिटर. आणि सिग्नलला उभी आयडलिंगला असताना पिणार कसंबसं एक लिटर. म्हणजे आयडलला जवळजवळ सगळंच्या सगळं पेट्रोल रेग्युलेटरमधून परत टाकीत जायला पाहिजे. कंपनीचा रेग्युलेटर बनलाय बारक्या पंपाच्या हिशोबानं, त्याच्यातून एवढं जात नाही, प्रेशर आपोआप चढून बसतं, आणि ट्यूनर बिचारा आयडलचा मॅप (ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता) कापत बसतो, तरी गाडी पेट्रोल मारतेच. लोकांना वाटतं रेग्युलेटरचं खरं काम फुल थ्रॉटलला. अरे उलटं आहे, सगळ्यात अवघड काम आयडलला.

म्हणून विकत घेण्याआधी एक टेस्ट कर, फुकट आहे. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) चांगला गेज लाव, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी (इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून त्याला येणारी) काढून तिचं तोंड बंद कर, इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालू कर. गेज तीनच्या आसपास थांबला तर तुझा जुना रेग्युलेटरच चालतोय, पैसे वाचले (बूस्टला प्रेशर त्याचं पण वाढतं, व्हॅक्यूम नळी असलेला आहे तो). साडेतीन-चारवर गेला तर अडचण आहे, पण ती रेग्युलेटरची का रिटर्न पाईपची हे अजून ठरलं नाही. रिटर्नचा पाईप रेग्युलेटरपासून सोड, तात्पुरता मोठा होज लावून डब्यात सोड, परत बघ. प्रेशर खाली आलं तर दोष पाईपचा, आणि तिथं तू पंधरा काय पन्नास हजाराचा रेग्युलेटर लावलास तरी स्क्रू पूर्ण सैल करून पण प्रेशर उतरणार नाही. सिटीचा रिटर्न बारीक आहे. हे काम मोकळ्या जागेत कर, बाजूला फायर एक्स्टिंग्विशर ठेव, इंजिन थंड पाहिजे, आणि बिडीवाला मेकॅनिक असंल तर त्याला चहाला पाठव.

आता घ्यायचा कुठला. ऑनलाईन फोटोत सगळे सारखेच दिसतात, निळे-लाल-चकचकीत. कार्बोरेटरवाले रेग्युलेटर पण त्यातच असतात, ते चार-सात पीएसआयचे, आणि इंजेक्शनला लागतात 40-45 पीएसआय (म्हणजे साधारण 3 बार), माझ्या ओळखीत एकानं तसला आणून लावला होता, गाडी स्टार्टच होईना. त्यामुळं रेंज वाच, 30 ते 70 पीएसआयच्या आसपासचा पाहिजे. त्याच्यावर बूस्ट रेफरन्सची नळी पाहिजे आणि हिशोब एकास एक पाहिजे, म्हणजे 0.6 बूस्ट आला की रेलचं प्रेशर 3 चं 3.6. तसं नाही झालं तर इंजेक्टरला फरक उरतो 2.4 चा, पेट्रोल दहा टक्क्यांहून जास्त कमी, आणि तेही नेमकं बूस्टमध्ये, जिथं लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) झालं की पिस्टन गेलाच समज. रायझिंग रेट म्हणून एक प्रकार येतो जो बूस्टच्या कितीतरी पट प्रेशर चढवतो, तो जुन्या काळी कंपनीच्या ईसीयूवर टर्बो चालवायचा जुगाड होता, तुला स्टँडअलोन आहे, तिकडं बघू पण नको.

तिसरी गोष्ट डायफ्राम आणि ओ-रिंग. आता बहुतेक पंपांवर ई-20 च (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉल साध्या रबराला फुगवतं, कडक करतं. विकणाऱ्याला विचार की आतलं रबर कशाचं, व्हायटॉन किंवा फ्लुरोसिलिकॉन म्हणाला आणि रिपेअर किट वेगळं मिळतं म्हणाला तर घे. "ओरिजिनल आहे सर" एवढंच म्हणाला तर नको. अडीच हजारवाले बहुतेक नामांकित मालाची कॉपी असतात, नावसुद्धा कोरलेलं असतं. मी म्हणत नाही की सगळे पहिल्याच दिवशी गळतात, पण डायफ्राम फाटला की पेट्रोल सरळ व्हॅक्यूम नळीतून मॅनिफोल्डमध्ये जातं, आणि बाहेरून गळालं तर खाली एक्झॉस्ट, त्यात तुझा टर्बो लालबुंद, त्यात लातूरचा मे महिना. इथं मी तरी पैसे वाचवणार नाही.

आणि त्या फुकटच्या गेजची गोष्ट ऐक, कारण त्यानं माझा अख्खा महिना खाल्लाय. माझी जुनी बलेनो 1.6, कॅम बदललेला, रेग्युलेटरसोबत आलेला तेल भरलेला गेज तसाच बसवला. सकाळी थंड गाडीवर तीन सेट केलं. दुपारी जालन्याहून संभाजीनगरला जाताना बदनापूरला चहाला थांबलो, बॉनेट उघडलं, व्हॅक्यूम नळी काढून बघितलं तर गेज अडीच दाखवायलाय. मला वाटलं स्क्रू सैल पडला, चढवला. परत संध्याकाळी कमी, परत चढवला. असं करत करत गाडी इतकी रिच झाली की प्लग कोळशासारखे, आयडलला घोड्यासारखी उड्या मारायली, आणि मी ईसीयूवाल्याला शिव्या. शेवटी एका मेकॅनिकनं वाळूजवरून कॅलिब्रेट केलेला गेज आणून लावला तर खरं प्रेशर पावणेचारच्या वर! तेल भरलेल्या सीलबंद गेजचं बॉनेटखाली गरमीनं आतलं तेल फुगतं, बॉडीत प्रेशर तयार होतं, काटा कमी दाखवतो. रेग्युलेटर बरोबर होता, येडा मी होतो. तेव्हापासून बॉनेटखालचा गेज फक्त थंड असताना सेटिंगपुरता, बाकी वेळ इलेक्ट्रिक सेन्सर, जो ईसीयूला जोडून लॉग होतो. आणि मेकॅनिकल गेजची पेट्रोलची नळी केबिनमध्ये तर चुकूनसुद्धा आणायची नाही, असले प्रकार पाहिलेत म्हणून सांगतोय.

बसवताना रेग्युलेटर रेलच्या नंतर, रिटर्नच्या बाजूला. सिटीच्या रेलवर जुना रेग्युलेटर दोन बोल्टवर बसतो, तिथं अॅडॅप्टर लागंल, लेथवाला अॅल्युमिनियमचा करून देतो, फक्त ओ-रिंगची खाच मापात पाहिजे. होज इंजेक्शनचाच, साधा पेट्रोल पाईप नाही, टाकीच्या आत वेगळा, पेट्रोलमध्ये बुडून टिकणारा. बूस्ट रेफरन्सची नळी मॅनिफोल्डच्या प्लेनममधून, म्हणजे थ्रॉटल आणि इंजिनच्या मधून घे, तिला एकटीला ठेव, बूस्ट गेज आणि डम्प व्हॉल्व तिच्यावर टी लावून जोडू नको. आणि दोन्ही टोकांना क्लिप. बूस्टमध्ये ही नळी निसटली तर प्रेशर वाढणार नाही आणि तू लीनमध्ये पळवत असशील, कळणार पण नाही.

सेटिंग व्हॅक्यूम नळी काढून, तीन बार, लॉकनट टाइट. मग नळी लाव, आयडलला 2.4 च्या आसपास पडायला पाहिजे. आणि एक देशी युक्ती, सायकलच्या गेजवाल्या पंपानं रेफरन्सला हळूच 0.5 बार हवा मार, रेल 3.5 दाखवायला पाहिजे. अडकत अडकत चढला किंवा 3.3 वरच थांबला तर परत कर, कितीचा का असेना.

स्विफ्टसारख्या नव्या गाड्यांवाले पण हे वाचत असतील तर त्यांच्यात रेग्युलेटर टाकीतच असतो, व्हॅक्यूम नळी नाही, रिटर्न पण नाही. तिथं हे बसवायचं म्हणजे रिटर्न लाईन ओढण्यापासून सुरुवात, तो खर्च आधी काढा. आरटीओचं तर टर्बो लावतानाच बघायला पाहिजे होतं तू, मोटर वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि इन्शुरन्सवाला दोघंही नंतर दारात उभे राहतात.

तर आत्ता ऑर्डर करू नको. मला दोन रीडिंग पाठव, पंप चालू-इंजिन बंद-व्हॅक्यूम नळी काढलेली, एक आहे त्या रिटर्नवर आणि एक डब्यात सोडून. दोन्ही थंड इंजिनवर. आणि जुन्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून वास घे, पेट्रोलचा आला तर आतला डायफ्राम फाटलेला असू शकतो, तसं असंल तर तेही कळव.