पाच लाखांच्या चादरी जवानांना पाठवाव्यात का?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत माझा चादरीचा छोटा कारखाना आहे. वय 57. आमच्या जुन्या कारागिराचा मुलगा लष्करात आहे. रजेवर आला तेव्हा तो चौकीवरच्या थंडीबद्दल बोलला आणि मनाला लागलं. 5 लाखांची मुदत ठेव मोडून 500 चादरी जवानांना पाठवायच्या म्हणतोय. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा निधीला पैसे द्या, टॅक्स तरी वाचेल. सीसी खात्यावर (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून लागेल तशी उचल घ्यायचं कर्जखातं) सध्या 14 लाख उचललेले आहेत, व्याज 11 टक्के. काय करावं?

उत्तर : चादरी पाठवू नका. आपली चादर सुती. सोलापूरच्या जानेवारीला ती पुरून उरते, पण बर्फातल्या चौकीवर तिचं काही चालत नाही. तिथले खास कपडे नि स्लीपिंग बॅग लष्कर आपल्या पुरवठा खात्यातूनच देतं. तुमचे गठ्ठे ट्रान्सपोर्टने जातील, पण पुढे ते उतरवून कोण घेणार? शिवाय माल दिला तर देणगीची वजावट नाही, आणि फुकट वाटलेल्या मालापुरतं सुतावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळालेली वळती) परत करावं लागतं. हे सीएला आधी विचारा, नाहीतर मार्चमध्ये तोच तुम्हाला विचारेल.

आता मुलाचा मुद्दा. 80जी म्हणून आपण ओळखतो ती देणगीवरची वजावट नव्या करपद्धतीत व्यक्तीला मिळत नाही, आणि 2023-24 पासून नवीच पद्धत आपोआप लागू आहे. तुमचं उत्पन्न धंद्याचं. जुन्या पद्धतीत गेलात तर नव्या पद्धतीत परतायची संधी एकदाच. एका देणगीसाठी ती वापरू नये. समजा जुनीच पद्धत आहे, 30 टक्क्यांचा टप्पा आहे आणि राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलेत, जिथे शंभर टक्के वजावट आहे. तरी दीड लाख वाचतील, साडेतीन लाख खिशातून गेलेलेच. म्हणजे द्यायचं तर द्यावंसं वाटतं म्हणून द्यायचं.

आणि द्यायचंच आहे, तर 14 लाखांचं सीसी अंगावर ठेवून 5 लाख एकदम देऊ नका. धंदा मंदावला, सुताचा भाव चढला की तेच 5 लाख तुम्ही 11 टक्क्यांनी पुन्हा उचलाल. माझा हिशेब असा : 1 लाख यंदा द्या. उरलेले 4 लाख सीसी खात्यात भरा. त्यावर वर्षाला 44,000 रुपये व्याज वाचतं. ते वाचलेलं व्याज दरवर्षी जवानांसाठी. साधारण नऊ वर्षांत चार लाखांच्या जवळ रक्कम पोहोचते आणि मुद्दल तुमच्या धंद्यातच राहतं. एक मेख आहे. सीसीत मोकळी झालेली जागा दिवाळीच्या सूतखरेदीत आपोआप भरून जाते आणि मग वाचलेलं व्याज कागदावरच राहतं. म्हणून दरमहा 3,700 रुपये वेगळ्या बचत खात्यात जातील अशी कायमची सूचना बँकेला द्या. सीसीची लिमिट, म्हणजे उचलीची मर्यादा, मात्र कमी करून घेऊ नका, हंगामात लागेल.

कुठे द्यायचे? माझी पसंती सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला. 1949 पासून 7 डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. वीरपत्नी, अपंग जवान, माजी सैनिकांची मुलं यांच्यासाठी हा पैसा वापरतात. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रालाही, जिथे कमरेखाली लुळे पडलेले जवान राहतात, त्यातून अनुदान मिळतं. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वतः जा आणि पावती घ्या. ‘भारत के वीर’ हे देणगीचं पोर्टल चांगलंच आहे, पण ते बीएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांसाठी आहे, लष्करासाठी नाही. लोक नेहमी गल्लत करतात. व्हॉट्सॅपवर आलेल्या खाते क्रमांकावर तर एक रुपयाही नको. एप्रिल 2025 मध्ये लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी देणगी मागणारा असाच संदेश फिरला आणि तो दिशाभूल करणारा असल्याचं संरक्षण मंत्रालयाला सांगावं लागलं.

चादरी द्यायची हौस उरतेच आहे, हे मला कळतं. राज्यात सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालतात. त्याच कार्यालयात विचारा, कुठे किती लागतील. पन्नास-साठ चादरी तिथे रोज अंगावर घेतल्या जातील.

यापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे, ती म्हणजे काम देणं. सैन्यात चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना 2022 मध्ये आली. चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांनाच कायम करायचं असं तिचं स्वरूप आहे. बाकीचे सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येतील, पेन्शनशिवाय. वय पंचविशीच्या आतबाहेर. गोदाम, माल रवाना करणं, पाळीचं नियोजन यासाठी असा एक मुलगा नेमा, पण बाजारभावाच्या पगारावर. ‘फौजी आहे, कमीत राहील’ हा हिशेब मी शहरात दोन-तीन ठिकाणी ऐकलाय आणि तो मला अजिबात पटत नाही. हा पगार धंद्याचा खर्च म्हणून रीतसर धरता येतो, देणगी तशी धरता येत नाही.

ठेव मोडण्याआधी दोन गोष्टी बँकेत विचारा. ती सीसीला तारण म्हणून अडकवलेली आहे का, आणि मुदतपूर्व दंड किती? मुदत दोन-तीन महिन्यांत संपत असेल तर थांबा. यंदाचे 1 लाख तेव्हा दिलेत तरी चालेल.