पैंजण चांदीचं, पण उत्तर १.४५ येतंय

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे, घनतेची गणितं आली की तिचं हमखास चुकतं. परवाचं गणित असं होतं, ८४ ग्रॅमचं पैंजण मोजपात्रात सोडलं, पाणी ५० मिलीवरून ५८ वर गेलं, चांदीची घनता १०.५, तर पैंजण चांदीचं असू शकेल का? तिने ८४ भागिले ५८ केलं, १.४५ आलं आणि 'नाही' लिहून मोकळी झाली. सूत्र तर तोंडपाठ आहे हो, मग अडतं कुठे? आणि घरातली चांदी अशी तपासता येते का? – एक आई, बार्शी

उत्तर: ताई, सूत्र बरोबर आहे, वस्तुमान भागिले आकारमान, पण आकारमान कोणाचं घ्यायचं तिथे ती घसरली. ५८ मिली हे पाणी आणि पैंजण दोन्ही मिळून झालं, पैंजणाने स्वतःसाठी जागा केली ती फक्त ८ मिलीची, म्हणून ८४ भागिले ८, आलं १०.५, तर हो, असू शकतं. चूक साधी आहे, पण १.४५ आल्यावर तिला शंका यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, कारण मधाची घनताच १.४ च्या आसपास असते, ॲल्युमिनियमसारख्या हलक्या धातूची २.७, मग हातात वजनदार लागणारं पैंजण १.४५ कसं असेल? लोखंड ७.९, तांबं साधारण ९, चांदी १०.५, शिसं ११.३, सोनं १९.३, एवढे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा, उत्तर आलं की आधी तिथे बघायचं.

आता घरची चांदी. मोजपात्रात १ मिली वाचायला चुकलं, ८ चे ९ झाले, तर घनता ९.३ येते आणि ७ झाले तर १२, त्यामुळे किचनमधल्या मेजरिंग कपवर अजिबात विसंबू नका. त्यापेक्षा डिजिटल वजनकाटा असेल तर चांदीची वाटी घ्या, पैंजण नको, त्याच्या घुंगरांत हवा अडकते आणि घनता उगाच कमी दिसते. आधी वाटीचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा, वाटी दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, बुडबुडे निघून जाऊ द्या, काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिली वाटीचं आकारमान, कारण १ मिली पाणी म्हणजे जवळपास १ ग्रॅम. मुलीलाच करायला द्या, ५८ आणि ८ मधला फरक तिला तिथेच दिसेल.

उत्तर १०.५ च्या बरंच खाली आलं तर वाटीत दुसरा धातू बराच मिसळलाय, पण १०.५ आलं म्हणून चांदीच असंही नाही, तांबं आणि शिसं मिळूनही तेवढी घनता येऊ शकते, खात्री हवी असेल तर सराफाकडूनच तपासून घ्या. आणि वाटी तळाला टेकू देऊ नका, टेकली की काटा वाटीचं वजनसुद्धा धरतो, दोरा शेवटपर्यंत हातातच हवा.