ओपन सोर्स कोडमधल्या खाचाखोचा कुठे आणि कशा लिहाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या अडत्यांच्या गुळाच्या पट्ट्यांवरचा (विक्रीच्या हिशेबाच्या कागदांवरचा) मराठी मजकूर वाचून गुऱ्हाळाचं नाव, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन आणि रक्कम वेगळी काढणारी पायथॉनची छोटी लायब्ररी तुम्ही गिटहबवर खुली केली आहे. अपवाद वाढताहेत, रीडमी (सोबतची माहितीची फाइल) लांबतंय आणि तरीही लोक तेच तेच इश्यू (तक्रारी) टाकताहेत.

आधी रीडमीतून बहुतेक सगळं उचला आणि ज्या फंक्शनमध्ये खाच, म्हणजे अनपेक्षित वागणूक किंवा मर्यादा, आहे त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच फंक्शनला जोडलेल्या वर्णनात) नेऊन ठेवा. माणूस अडतो तेव्हा एडिटरमध्ये त्या फंक्शनच्या नावावर कर्सर नेतो. रीडमी त्याने इन्स्टॉल करताना एकदा वरवर चाळलेलं असतं, झालं.

दुसरं म्हणजे ‘काही वेळा मराठी नावं नीट जुळत नाहीत’ असली वाक्यं खोडा. त्यातून कुणालाच काही कळत नाही. काय दिलं, काय मिळालं, का मिळालं आणि मग करायचं काय, एवढं आलं पाहिजे. तुमच्याच लायब्ररीतलं ‘गुऱ्हाळ’ घ्या. हा शब्द युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी टाइप होतो आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एकात ‘ऱ’ हे एकच अक्षर असतं, यू+०९३१. त्या शब्दाची लांबी, म्हणजे त्यातल्या युनिकोड चिन्हांची संख्या, ७ भरते. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब); लांबी ८. तिसऱ्यात, म्हणजे जुन्या पद्धतीत, ‘र’, हलन्त आणि अदृश्य झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, रुंदी नसलेलं चिन्ह). लांबी पुन्हा ८. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं) केलं की दुसरा पहिल्यासारखा होतो, तिसरा मात्र तसाच राहतो. म्हणजे एकाच गुऱ्हाळाची दोन खाती पडतात आणि एररही येत नाही. जॉइनर नुसता पुसून टाकला तर आणखी बिघडतं: शब्द ‘गुर्हाळ’ होतो, रफारासकट. हे डॉकस्ट्रिंगमध्ये असं यावं (‘नाव_शुद्ध’ म्हणजे नावं एकसारखी करून देणारं फंक्शन):

‘मर्यादा: नावांची तुलना एनएफसी करून होते. र + हलन्त + जॉइनर असं लिहिलेलं नाव “ऱ”वाल्या नावाशी जुळत नाही, कारण एनएफसी जॉइनरला हात लावत नाही. दोन्ही नावं आधी “नाव_शुद्ध” मधून काढून मग तुलना करा.’

खाली चालवता येणारं उदाहरण द्या. त्यात जॉइनर थेट टाइप करू नका, बॅकस्लॅश यू २००डी असा लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला दोन सारखे शब्द आणि खाली ‘फॉल्स’ दिसेल, तो डोकं खाजवत बसेल. डॉकस्ट्रिंगच्या आधी ‘आर’ लावून ती रॉ ठेवायची, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो. ते राहिलं तर पायथॉन त्या खुणेचा जॉइनरच करून टाकतो आणि हेल्पमध्ये पुन्हा काहीच दिसत नाही.

‘नाव_शुद्ध’ च्या आत, जॉइनरवालं रूप ‘ऱ’ करणाऱ्या ओळीच्या डोक्यावर, वेगळी कॉमेंट हवी: ‘ही ओळ जॉइनर पुसण्याच्या आधीच हवी, खाली नेऊ नका.’ ही वापरणाऱ्यासाठी नाही. उद्या कुणीतरी साफसफाईच्या पुल रिक्वेस्टमध्ये (सुचवलेल्या बदलात) ओळींचा क्रम बदलणारच, त्याच्यासाठी आहे.

सगळ्या खाचा सारख्या महत्त्वाच्या नसतात. एरर देऊन थांबणारी खाच एका ओळीत उरका. एरर संदेशच नीट लिहिला तर तीही ओळ लागत नाही. ‘साडेतीनशे’ वाचता येत नसेल तर ‘अक्षरी आकडे चालत नाहीत, ३५० असं लिहा’ एवढं संदेशातच सांगा. पण गप्प राहून चुकीचं उत्तर देणारी खाच सगळ्यांत वर हवी. कोडमध्ये ‘रवा गुणिले ३०’ धरलंय का? ३० किलोचा रवा रूढ असला तरी १० आणि ५ किलोचेही येतात. तिथे वजन तिप्पट ते सहापट लागतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. असली खाच नुसती लिहून भागत नाही. माझ्या मते रव्याचं वजन सक्तीचं आर्ग्युमेंट करा, म्हणजे लिहायचंच काही उरत नाही.

आणखी एक भेद लोक विसरतात: हमी कशाची आणि योगायोग कोणता. मजकुराचा पूर्णांक करणारं पायथॉनचं ‘इंट’ देवनागरी आकडे वाचतं, देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांची मिसळही चालवून घेतं. शिवाय ३.६ पासून आकड्यांमधली अंडरस्कोअरही सोडून देतं, म्हणून स्कॅनमधल्या डागामुळे ‘१२_५’ असं आलं तर १२५ मिळतात. यातलं देवनागरी वाचणं हे तुमचं वचन असेल. मिसळ चालते ते केवळ आतल्या ‘इंट’ मुळे. तिथे स्पष्ट लिहा: ‘सध्या चालतं, पण यावर विसंबू नका.’ नाहीतर पुढच्या आवृत्तीत ते बंद केलंत की लोक तुमच्यावरच उखडतील, आणि त्यांचं चूकही नसेल.

‘का’ लिहिताना लाजू नका. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या दस्तऐवजांत सरळ म्हटलंय की प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची ओळख) असलेल्या कॉलममध्ये बहुतेक वेळा नल (रिकामी किंमत) चालतो, हा जुन्या आवृत्त्यांतला बग आहे आणि जुनी सॉफ्टवेअर मोडू नयेत म्हणून तसाच ठेवलाय. एवढं वाचल्यावर कोण कशाला इश्यू टाकेल?

लिहिलेलं शिळं होऊ नये म्हणून डॉकस्ट्रिंगमधली उदाहरणं डॉकटेस्टने (उदाहरणं चालवून उत्तरं ताडून पाहणाऱ्या साधनाने) प्रत्येक पुशला, म्हणजे कोड गिटहबवर चढवताना दर वेळी, चालवा. ज्या खाचा पुढे दुरुस्त करायच्या आहेत त्यांना पायटेस्ट या चाचणीच्या साधनात ‘एक्सफेल’ (ही टेस्ट नापास होणंच अपेक्षित आहे अशी खूण) लावा, ‘स्ट्रिक्ट’ चालू ठेवून. मग कुणी ती खाच बुजवली की तीच टेस्ट नापास होते आणि डॉकस्ट्रिंगमधली टीप काढायची आठवण राहते. ‘स्ट्रिक्ट’ नसेल तर टेस्ट गुपचूप पुढे जाते आणि टीप खोटी होऊनही वर्षानुवर्षं तिथेच पडून राहते.

रीडमीत फक्त तेवढंच ठेवा, जे वाचून माणूस ही लायब्ररी घ्यायची की नाही हे ठरवेल: फक्त मराठी, अक्षरी आकडे नाहीत, हस्तलिखित पट्ट्या नाहीत. वागणूक बदलली की चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) एक ओळ, पुरे.

इश्यूच्या साच्यात मात्र एक रकाना वाढवा: अडलेला मजकूर पायथॉनच्या ‘अ‍ॅस्की’ फंक्शनमधून काढून तिथे चिकटवायचा (त्यात प्रत्येक चिन्हाचा कोड दिसतो), स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉटमध्ये तिन्ही गुऱ्हाळं सारखीच दिसतात.