आला तर, आला असता तर

प्रश्न : सर, मी बीए फर्स्ट इयरला आहे, गाव दारव्हा तालुक्यात. "पाऊस आला तर पेरणी करू" याचं मी "इफ इट रेन्ड, वी विल सो" असं केलं तर रेन्डवर लाल गोल पडला. मराठीत 'आला' हा पास्टच आहे ना, मग काऊन चुकलं? मित्र म्हणते विल रेन लिही, पाऊस तर पुढे यायचा आहे. बरोबर काय?

उत्तर : बेटा, दोघंही चुकले पण तुझी चूक जास्त कामाची आहे. आपला 'आला तर' दिसायला पास्ट आणि काम सगळं पुढचं. ७ जूनला मिरग लागला, आभाळ भरून आलं, बियाण्याच्या थैल्या ओसरीत येऊन पडल्या आणि बाप म्हणते रात्री पाऊस आला तर उद्या तिफन काढू, तं त्याला पाऊस येऊ शकते असंच वाटून राहिलं ना. अशा होऊ शकणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत इफच्या बाजूला साधा प्रेझेंट : "इफ इट रेन्स टुनाईट, वी विल सो टुमॉरो." विल दुसऱ्या अर्ध्यात आहेच, इफच्या घरात त्याला परत घुसवायचं नाही, मित्राला सांग.

आता रेन्ड लिहिलं की काय होते ते पाहा. इंग्रजीतला हा पास्ट वेळेत मागे जात नाही, खरेपणापासून लांब जाते. "इफ इट रेन्ड टुनाईट, वी वुड सो टुमॉरो" म्हणजे येणार नाही वाटते पण आलाच तर. म्हणून सोबत वुड लागते, आणि तू रेन्डसोबत विल बसवला, म्हणजे एक पाय धुऱ्याच्या इकडे अन् एक तिकडे.

खरा घोळ मात्र 'असता'मध्ये आहे, तो मास्तर लोकं सांगत नाहीत. "पैसा असता तर ट्रॅक्टर घेतला असता", हे आपण आजच्या कडकीबद्दल पण म्हणतो आणि मागच्या दिवाळीबद्दल पण, ऐकणारा समजून घेते. इंग्रजीला ते चालत नाही. आज नाही म्हणून, तर "इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ ट्रॅक्टर". तेव्हा नव्हता म्हणून, तर "इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ ट्रॅक्टर". दोन हॅड पाहून घाबरू नको, छपाईची चूक नाही ती. दुबार पेरणीची वेळ आली की घरोघरी जे ऐकू येते, चार दिवस थांबलो असतो तर बियाणं वाचलं असतं, ते याच दुसऱ्या साच्यातलं : "इफ वी हॅड वेटेड, वी वुड हॅव सेव्ह्ड द सीड."

आणि अनलेस. कृषीवाले दरवर्षी सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हे 'झाल्याशिवाय' म्हणजेच अनलेस, त्याच्या पोटात 'नाही' आधीच आहे, म्हणून "अनलेस इट डझन्ट रेन" लिहिलं की मार्क गेला.

प्रश्न : मी हिंगणघाटकडे कृषी केंद्रावर कामाला आहे. डब्यावर, पत्रकावर कुठे शुड असते कुठे मस्ट. आपल्याला दोन्हीचा अर्थ 'पायजे' असाच ना?

उत्तर : भाऊ, आपला 'पायजे' दोन्हीकडे चालते म्हणून तर गफलत होते. शुड म्हणजे सल्ला, केलं तर बरं. मस्ट म्हणजे सोडायचंच नाही. लाल त्रिकोणाचा, म्हणजे अतिविषारी औषधाचा डबा असला तर "यू मस्ट वेअर ग्लोव्ह्ज", तिथं शुड वाचून गिऱ्हाईकाला ढिलं सांगू नका. नकारात तर अजून जपा. "यू मस्ट नॉट स्प्रे" म्हणजे फवारायचंच नाही, आणि "यू डोन्ट हॅव टु स्प्रे" म्हणजे गरज नाही, मारायचं तर मारा. मस्टला पास्ट नाही, काल करावंच लागलं असेल तर हॅड टु. बाकी "ही कॅन ड्राईव्हज" आणि "मस्ट टु गो" हे दोन प्रकार तेवढे बंद करा, कॅन-मस्टच्या मागे क्रियापद कोरडंच येते.

प्रश्न : कुड हा कॅनचा पास्ट, मग बँकेत आज उभं राहून "कुड यू" काऊन म्हणतात?

उत्तर : वर रेन्डचं सांगितलं तेच इथे. पास्ट घेतला की बोलणं एक पाऊल मागे सरकते आणि मागणी नरम होते. "कुड यू चेक माय पासबुक" म्हणा. कॅन म्हटलं तरी कोणी रागवत नाही, पण "यू विल चेक" म्हणाल तर साहेब चष्म्यावरून पाहील.